वालाच्या मुळावरच्या गाठी

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि दर वर्षी फळ्यावर द्विदल झाडाचं मूळ काढलं. पांढऱ्या खडूने सोटमूळ, त्याला फुटलेल्या बारीक मुळ्या, आणि त्या मुळ्यांवर लाल खडूने ठिपके. "या गाठी," मी पट्टी ठोकून सांगायचो. "यांच्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. याला सहजीवन म्हणतात. लिहून घ्या, परीक्षेला हमखास येतं." मुलं लिहून घ्यायची, आणि परीक्षेला यायचंही. फक्त एवढ्या वर्षांत मी स्वतः एकही झाड उपटून त्या गाठी बघितल्या नव्हत्या. शाळेच्या मागेच तुरीचं रान होतं, कुंपण ओलांडलं की झालं असतं. पण पँटला माती लागली असती.

आता दुसरी गोष्ट, जी पहिलीहून सांगायला अवघड आहे. मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो. कधीतरी, एखाद्या प्रसंगी वाटला असं नाही. कळायला लागल्यापासून वाटतो. ऐकणाऱ्याला हसू येईल, कारण वरवर बघितलं तर हेवा त्याने माझा करायला हवा. मी शिकलो, नोकरी केली, अंबाजोगाईत घर बांधलं. त्याने सातवीत शाळा सोडली आणि लग्न झाल्यावर बायकोला घेऊन ऊसतोडीला जायला लागला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार, आणि मुकादमाच्या यादीत दोघांचा मिळून एकच कोयता. दिवाळी झाली की दोघं निघायची, कधी माजलगावकडच्या कारखान्याला, कधी पार कर्नाटकात, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायची. काळीठिक्कर, हाताला घट्टे पडलेली, आणि एकमेकांशी अर्ध्या अर्ध्या शब्दांत बोलणारी. त्याने नुसता हात पुढे केला की ती विळा द्यायची. माझी बायको चांगली आहे, पण मी हात पुढे केला तर ती विचारते, "काय हवंय, नीट सांगा." मला त्या विळ्याचासुद्धा हेवा वाटायचा.

पण खरं दुखणं आईचं. ते दोघं तोडीला गेले की आई सहा महिने घाटनांदूरकडच्या आमच्या गावी एकटी राहायची. मी दर वर्षी न्यायला जायचो आणि ती दर वर्षी नाही म्हणायची. "तुज्या घरात कुटं हाय माती? गच्चीवर चार कुंड्या. मी काय करू दिसभर?" अंबाजोगाईत नळाला पाणी होतं, दवाखाना जवळ होता, तिच्यासाठी वेगळी खोली मी रंगवून ठेवली होती. ती मात्र विहिरीजवळच्या आपल्या वाफ्यात वाल लावायची, त्याला शेवरीच्या काठ्यांचा मांडव करायची आणि धाकट्याची वाट बघत बसायची. जवळ असलेल्या मुलापेक्षा दूर गेलेल्या मुलाची वाट बघणं तिला जास्त आवडत होतं. ती अंथरुणाला खिळली त्या वर्षी त्या दोघांनी कोयता खाली ठेवला आणि परत उचलला नाही. मी दर पंधरा दिवसांनी औषधं घेऊन जायचो. पण आई ती त्याच्याच हातून घ्यायची.

गेल्या वर्षी संक्रांत होऊन गेल्यावर आई गेली. मी पोचलो तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी त्याने घातलेलं होतं. लोक म्हणाले, भाग्यवान मुलगा. मी मान हलवली.

तेराव्यानंतर भावजयीने उतरंडीतलं एक गाडगं काढलं. राखेत घोळलेलं वालाचं बी होतं, आईने स्वतः धरलेलं. काळं, पाठीवर पांढरी रेघ. त्याची शेंग हिरवी, पण कडा जांभळी. आमच्या भागात आता असला वाल कुणाकडे राहिलेला नाही, बाजारात मिळतो तो सगळा फिका हिरवा. बी होतं मूठभरच. भावाने राख झटकली, अंदाजाने दोन वाटे केले आणि एक माझ्या ओंजळीत टाकला. "निम्मं तुजं, दादा."

भाऊ किती सरळ मनाचा, असं त्या वेळी वाटायला हवं होतं. मला वाटलं, टपोरं बी त्याने स्वतःकडे ठेवलं नसेल कशावरून? त्याच दिवशी मी मनात ठरवून टाकलं की निवृत्तीनंतर गावी राहायचं आणि आईचा वाल माझ्या रानात आणायचा. त्याच्याहून चांगला आणायचा. येळवशीच्या भज्जीत माझ्या रानातल्या शेंगा पडायला हव्यात आणि पुढच्या वर्षाचं बी मी माझ्या हाताने धरायला हवं. बाकी आयुष्यभर आई त्याची होती, निदान तिचा वाल तरी माझा म्हणवता यावा, एवढीच इच्छा होती.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळी माणसं रानात असतात. कडब्याची कोप करायची, आत पूजा मांडायची, आणि येईल त्याला भज्जी म्हणजे सगळ्या भाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, आंबील असं पोटभर वाढायचं. भज्जीत हिरव्या शेंगांचे दाणे हवेतच, आणि कुणाच्या भज्जीत कुणाच्या रानातला वाल आहे याची गावभर चर्चा होते. मी आषाढातच शाळेतल्या तीन जुन्या सहकाऱ्यांना आमंत्रण देऊन टाकलं. तेव्हा माझं बी जमिनीतही पडलं नव्हतं.

माझ्या वाटणीचं रान भावाच्या रानाला लागून आहे, मध्ये फक्त बांध. उन्हाळ्यात निवृत्त होऊन गावी आल्यावर मी माझ्या रानाच्या एका तुकड्यात पाझर तलावातला गाळ आणून टाकला होता. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. जाणारा-येणारा थांबून बघायचा आणि मी बांधावर उभा राहून बघू द्यायचो. बी लावायला आळी करत होतो तेव्हा भाऊ आला. त्याने चिमूटभर गाळ उचलला, बोटात चुरला.

"गाळ लई चांगला हाय, दादा. पर ह्यात वाल कवा झालेला न्हाई. आईच्या वाफ्यातली टोपलीभर माती ने आन आळ्या-आळ्यात टाक."

"ती कशाला?"

"आई तसंच करायची. नवं रान असलं की जुन्या वाफ्यातली माती न्यायची. इरजण म्हनायची ती. दुदाला जसं इरजण, तसं रानाला."

भावाला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, मला मात्र तिथल्या तिथे सगळं कळलं. वालाच्या मुळांशी राहणारे जिवाणू आईच्या वाफ्यात वर्षानुवर्षं वस्तीला होते. तलावातल्या गाळात ते असण्याचं कारण नव्हतं. टोपलीभर माती म्हणजे टोपलीभर जिवाणू. माझा धडा आई शाळेत न जाता, कुणाला न विचारता, उभा जन्म करत आली होती. आणि तिने तो मला सांगितला नव्हता, त्याला सांगितला होता. मी विज्ञानाचा मास्तर. सुट्टीत घरी आलो की ती मला म्हणायची, "तू बस बाबा, तुला न्हाई जमायचं रानातलं."

मी म्हणालो, "त्याचं पाकीट मिळतं हल्ली. दुकानात."

भावजय जरा लांब शेळीला पाला टाकत होती. मी थोरला दीर, त्यामुळे ती माझ्याशी बोलताना पदर सावरून दुसरीकडे बघते. त्या दिवशी ती शेळीकडे बघत होती. "माती काय इकत आणावी लागती व्हय," ती शेळीला म्हणाली. "वाफा भिजवलेलाच हाय. टोपली भरून ठिवते."

"नको," मी म्हणालो.

पाकीट मी अंबाजोगाईहून आणलं. जिवाणू खताचं पाकीट, वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: सावलीत, थंड जागी ठेवा. ते आठवडाभर माझ्या स्कूटरच्या डिक्कीत राहिलं. त्यातून मला घाई आणि धास्ती दोन्ही होती; गाळात पाणी धरतं, बी कुजेल, भावाचं उगवेल आणि माझं नाही, म्हणून मी बियाला बुरशीनाशकही चोळलं. आधी गुळाच्या पाण्यात कालवून पाकिटातली भुकटी लावली आणि लगेच तिच्यावर बुरशीचं औषध. जिवंत जिवाणू लावायचे आणि त्यांच्या अंगावरच विष टाकायचं, असा हा प्रकार. नववीतल्या पोराने उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गात उभं केलं असतं. वर ते बी मी लवकर सुकावं म्हणून पत्र्यावर उन्हात पसरलं.

बी उगवलं. दोन्हीकडचं उगवलं. भावाचं एक दिवस आधी उगवलं, हे मी बांधावरून वाकून पाहिलं. श्रावणात माझे वेल पिवळट दिसायला लागले आणि त्याचे तरारले. तेव्हा मी युरिया आणला. तो घरी नाही असं बघून बुडाशी मूठ मूठ टाकायचो आणि पाणी सोडायचो. आठ दिवसांत माझे वेल असे काळेशार झाले की भाऊसुद्धा बांधावर थांबला.

"लईच पाला मारलाय की रं दादा."

"जमीन चांगली आहे," मी म्हणालो.

तो पंधरवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. सकाळी उठलो की चहा घेऊन थेट बांधावर. त्याच्या वेलाचं पान आणि माझ्या वेलाचं पान शेजारी धरून बघायचो. बायको एका रविवारी अंबाजोगाईहून आली होती, तिने हे पाहिलं आणि म्हणाली, "पाचवीतली पोरं पेन्सिलींची उंची मोजतात तसं काय चाललंय तुमचं?" मी तिलाही पान दाखवलं.

मग फुलांचे दिवस आले. त्याच्या मांडवावर जांभळे तुरे उभे राहिले. माझ्याकडे पाला. कार्तिकात त्याच्या शेंगा लोंबायला लागल्या, जांभळ्या कडांच्या, अगदी आईच्या. माझ्याकडे पाला. एखादा तुरा यायचा, दोन दिवसांत गळायचा. मी आणखी युरिया टाकला. वेल आणखी वाढले, मांडव सोडून बांधावर आले, बांध ओलांडून त्याच्या रानात शिरायला लागले, आणि तो ते रोज सकाळी हळूच उचलून माझ्या बाजूला ठेवायचा. एक शब्द बोलायचा नाही. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

येळवस जवळ आली तशी गल्लीतली बायामाणसं भावजयीकडे यायला लागली. "जिजीच्या वालाच्या मूठभर शेंगा दे गं, भज्जीपुरत्या." जिजी म्हणजे माझी आई. भावजय कुणालाच नाही म्हणायची नाही. टोपलीने शेंगा निघत होत्या आणि गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच, धाकट्याने जिजीचा वाल राखला बघा. राखला म्हणे. अर्धं बी माझ्याकडे होतं, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मी ओसरीवर पेपर उघडून बसायचो आणि एक ओळ वाचायचो नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी ती दोघं आंबिलीचं मडकं आणायला आणि बाजारहाट करायला घाटनांदूरला गेली. मी बांध ओलांडला.

मला फक्त बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या वेलांचे तोडे झालेले होते, मांडव बराचसा मोकळा झाला होता. एकच वेल होता ज्याची एकही शेंग कुणी तोडली नव्हती. बांधाकडच्या शेवरीवर चढलेला, बुडापासून शेंड्यापर्यंत भरलेला. आणि त्याच्या खोडाला एक चिंधी बांधलेली होती. इरकली लुगड्याची, हिरव्या काठाची. आईचं लुगडं मी लगेच ओळखलं. ती ते सणालाच नेसायची. तिची लुगडी कुणी घ्यायची हेसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि इथे त्याच्या चिंध्या करून वेलांना बांधत होते.

वेलाला चिंधी कशाला बांधतात? नजर लागू नये म्हणून. आणि त्या रानाकडे दिवसातून दहा वेळा वाकून बघणारा माणूस गावात एकच होता. माझा जळफळाट झाला. माझ्याच आईच्या लुगड्याने माझी नजर बांधली होती. मी वेलाचं बूड दोन्ही हातांनी धरलं आणि उपटलं.

माती भुसभुशीत होती, अख्खं मूळ वर आलं. झटकलं. आणि मी तिथेच उकिडवा बसलो.

गाठी होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या, सोटमुळाच्या भोवती घोसाने आणि बारीक मुळ्यांवर सुट्या सुट्या. मी एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी. ताज्या जखमेसारखं गुलाबी. मी हेही शिकवलं होतं, की गाठीचा रंग आतून गुलाबी असला तर आत काम चालू आहे असं समजावं. दुसरी फोडली, तीही गुलाबी. काही क्षण मी हेवा विसरलो, हे इमानाने सांगतो. एवढ्याशा खोलीत कुणीतरी राहत होतं, राबत होतं, आणि वेल त्याला वरून खाऊ घालत होता. मला माझे सगळे वर्ग आठवले आणि ते सगळे लाल ठिपके.

मग बांध ओलांडून मी माझा एक वेल उपटला. त्याच्या मुळ्या पांढऱ्या, लांब, धुऊन ठेवल्यासारख्या गुळगुळीत. एक गाठ नव्हती. गाळात जिवाणू नव्हते, पाकिटातले मी मारले होते, आणि चुकून कुठे चार उरले असते तरी उपयोग झाला नसता. मूळ आपल्या रसाने त्यांना बोलावतं तेव्हा ते येतात. ज्या झाडाला बुडाशी आयता युरिया मिळतो, ते कुणाला बोलावत नाही. नुसता पाला करत बसतं. हेसुद्धा मला पाठ होतं.

दोन्ही वेल हातात धरून मी उभा होतो तेव्हा विहिरीकडून दोघं आली. भावजयीच्या डोक्यावर मडकं, भावाच्या हातात पिशव्या. भावाने आधी माझ्याकडे बघितलं, मग शेवरीकडे. पिशव्या खाली ठेवल्या.

"दादा, काय केलं बे हे?"

उभ्या जन्मात तो मला 'बे' म्हणाला नव्हता. मी मास्तरकीचा आवाज काढला. "रोग बघत होतो. मुळाला गाठी आल्यात. सूत्रकृमी असणार. वांग्याला येतात तशा."

"गाठी असत्यातच वालाला," तो म्हणाला. "आई म्हनायची, गाठी न्हाईत तर वाल न्हाई. तूच तर शाळंत शिकवत हुतास म्हनं."

त्याने माझ्या हातातून त्याचा वेल घेतला. मुळावर बोट फिरवलं, चिंधी चाचपली. "चिंधी दिसली न्हाई का तुला?"

"दिसली ना," मी म्हणालो, आणि मग जे इतके दिवस आत होतं ते बाहेर आलं. "माझी नजर लागू नये म्हणून बांधलीत ना? आईच्या लुगड्याची? मी काय परका आहे? सगळं तुमचंच. आई तुमची, लुगडी तुमची, वाल तुमचा. गावही तुमचंच नाव घेतंय."

भाऊ बायकोकडे बघत राहिला. भावजयीने मडकं उतरवून खाली ठेवलं. या वेळी तिने दुसरीकडे बघितलं नाही.

"बियाचा येल हाय त्यो," ती म्हणाली. "बी धरायचं असलं की चिंधी बांदत्यात. म्हंजी वळखू यावं, कुनी शेंग तोडू नये म्हून. जिजीचीच पद्धत हाय."

"तुजाच हुता त्यो, दादा," भाऊ म्हणाला. "तुज्या रानात शेंग धरंना, हे आमाला तवाच दिसलं. तू तर काय मागनार न्हाईस. म्हून पयल्या बहाराचा येल तुज्या नावानं राखला. पयल्या बहाराचं बी दमदार असतं. आमी मागनं येनाऱ्या बहाराचं ठिवलं असतं, आमाला काय."

लाज वाटली. पण आधी लाज वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. आधी हेवाच वाटला. यांना असं सुचतं कसं? दोघांपैकी आधी कुणाला सुचलं असेल, तो म्हणाला असेल की ती, की नेहमीसारखं अर्ध्या शब्दातच ठरलं असेल? माझं रान ते इतके दिवस बघत होते आणि मी त्यांचं बघत होतो. बांध एकच, बघणं मात्र वेगळं. लाज त्यानंतर आली आणि ती अजून गेलेली नाही.

भावजयीने वेल पसरून शेंगा चाचपल्या. बहुतेक कोवळ्या होत्या, दाणा भरलेला पण पिकलेला नाही. असलं बी उगवत नाही. "भज्जीत घालावं लागंल," ती हळूच म्हणाली आणि ओटीत शेंगा खुडायला लागली. भाऊ पिशव्या उचलून घराकडे गेला. रागावला होता. रागावलेला चांगला दिसत होता, मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझे तीन सहकारी आले, बायको आली. माझ्या रानात पाल्याशिवाय दाखवायला काही नव्हतं, म्हणून पाहुण्यांना बांध ओलांडून भावाच्या कोपीत नेलं. भज्जी अशी झाली होती की कुणी बोलेना. मी एक घास घेतला आणि चावत राहिलो. दाणा कोवळा होता, तोंडात विरघळत होता. पुढच्या वर्षाचं माझं बी मी उंड्याबरोबर खात होतो.

एका सहकाऱ्याने विचारलं, "वाल कुणाच्या रानातला हो?"

भाऊ वाढत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. कालपासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

"दादाचा हाय," तो म्हणाला. "घ्या की अजून."

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. बायकोने मात्र केलं नाही. ती माझ्या ताटाकडे बघत होती आणि मी घास गिळत होतो.

ऊन कलल्यावर पाहुणे गेले, बायकोही त्यांच्याच गाडीत गेली. कोपीत आम्ही तिघं उरलो. भावजयीने कनवटीची एक पुरचुंडी सोडली आणि माझ्यापुढे ठेवली. मी उपटलेल्या वेलाच्या अगदी बुडाशी चार शेंगा आधी धरलेल्या, त्या वाळायला आल्या होत्या. त्यांचे दाणे तिने काढून ठेवले होते. काळे, पाठीवर पांढरी रेघ. माझ्या तळहाताचा मधला खळगासुद्धा भरला नसता एवढेच.

"ह्ये उगवत्याल," ती म्हणाली.

मी दाणे हातात घेतले. आईने हे असेच घेतले असतील, असेच उन्हाकडे धरून बघितले असतील. मग मी ते परत पुरचुंडीत टाकले.

"असू दे तुमच्यापाशीच."

"कावून?" भावाने विचारलं. कालपासूनचा त्याचा माझ्याशी हा पहिला शब्द.

"माझ्यापाशी टिकायचं न्हाई," मी म्हणालो. "मी परत कायतरी करीन."

मला वाटलं होतं, दोघांपैकी एकजण तरी म्हणेल, तसं न्हाई दादा. भाऊ खाली बघून काडीने जमीन उकरत होता. भावजयीने पुरचुंडी पदराच्या टोकाला बांधली, कमरेला खोचली आणि ताटं गोळा करायला लागली.